काकांच्या ट्रंकेतले रॉड, रीलं आणि चुकलेल्या जोड्या

२० जुलै, रविवार

सकाळपासून पाऊस थांबायचं नाव नाही, भाट्याच्या पुलाकडे जायचा प्रश्नच नव्हता, म्हणून पडवीत चटई टाकली आणि काकांची ट्रंक उघडली. काका कुवेतला बावीस वर्षं काढून गेल्या वर्षी कायमचे रत्नागिरीला आले, तिकडे शुक्रवारच्या सुट्टीला समुद्रावर गळाने हमूर (खडपातला मोठा मासा) गरवायचे, त्या सगळ्या संसाराची ही ट्रंक. वर्षभर आम्ही दोघं त्यातलं जे हाताला येईल ते घेऊन जातोय. मासे कमी आणि मनगट जास्त दुखतंय. यंदा पावसाळ्यातच ठरवलं की कुठला रॉड, त्याला कुठलं रील, हे एकदा नीट लावायचं आणि लिहून ठेवायचं, नाहीतर मी विसरतो.

रॉड चार निघाले. बाराफुटी तीन तुकड्यांचा, बुंध्यावर १००-२०० ग्रॅम (एवढं वजन फेकायला) लिहिलंय. नऊफुटी दोन तुकड्यांचा, २०-६० ग्रॅम. सातफुटी १०-३० ग्रॅम, हा माझा, आणि याचं टोक मोडलेलं आहे, कारण डिसेंबरात मी त्यावर ६० ग्रॅमचं शिसं लावून जोर काढला होता. आकडा लिहिलेला असतो तो वाचायचा असतो हे तेव्हा कळलं. चौथा सहाफुटी जाडजूड, बोटीवरचा, ३०-५० पौंड, बुडाला अधिक चिन्हासारखी खाच, त्याचा रील बसवायचा नट गंजून घट्ट.

रीलं पाच. दोडका मोजायच्या काट्यावर वजनं घेतली, बायको बघत होती, काही बोलली नाही. ८००० नंबरचं (नंबर मोठा तेवढं रील मोठं) ६४० ग्रॅम. ४००० चं ३१०. २५०० चं २५५. एक आडव्या ड्रमचं, रॉडच्या डोक्यावर बसतं ते, ५२० ग्रॅम. आणि एक बेनाम, नाव-नंबर सगळं घासून गेलेलं, ३९५ ग्रॅम, काकांचं लाडकं.

आतापर्यंतच्या जोड्या, शरम न बाळगता: बाराफुटीला ४०००, नऊफुटीला ८०००, माझ्या सातफुटीला ड्रमवालं (कारण बोटीच्या रॉडचा नट अडकलेला, म्हणून जिथे बसलं तिथे बसवलं), २५०० नुसतं पिशवीत. म्हणजे तिनातली एकपण जोडी बरोबर नव्हती.

२१ जुलै

रात्री जेवून सातफुटी दिव्याखाली धरला. दोन रिंगांच्या (दोरी ओवायच्या कड्यांच्या) मधे, कांडीच्या वरच्या अंगाला पांढरट रेघ पडलीये, नख फिरवलं तर नखाला लागते. पहिल्यांदा वाटलं खडपावर घासला असणार. पण रेघ सरळ आहे आणि बरोबर दोन रिंगांच्या मध्यावर आहे, तशीच पुढच्या दोन रिंगांच्या मधेही आहे. दोरीने वार्निश खरवडलंय.

२७ जुलै, रविवार

रेघेचं कोडं सुटलं, आणि सुटलं ते मुलीच्या शिवणाच्या डब्यामुळे. ती दोऱ्याचं रीळ टेबलावर उभं ठेवून दोरा वरून ओढत होती. रीळ जागचं हलत नाही, दोरा वेटोळी घेत गोल गोल वर येतो. मग मी तेच रीळ पेन्सिलीत ओवलं आणि आडवं धरून ओढलं. आता रीळ फिरतंय आणि दोरा सरळ येतोय, वेटोळं नाही. बस, सगळं प्रकरण एवढंच आहे, पण वर्षभर डोक्यात शिरलं नव्हतं.

रॉडच्या खाली लटकतं ते स्पिनिंग रील म्हणजे उभं रीळ. फेकताना स्पूल (दोरी गुंडाळलेली चकरी) स्थिर, दोरी कडेवरून मोठाल्या वेटोळ्यांनी सुटते. त्या वेटोळ्यांना हळूहळू आवळायला नरसाळं लागतं, म्हणून स्पिनिंगच्या रॉडची पहिली रिंग मोठी असते, रीलपासून लांब असते, आणि पुढे पुढे रिंगा लहान होत जातात. ही कल्पना मुळात सूतगिरणीतनंच आली, इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या कापडधंद्यातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थने १९०५ साली असल्या रीलचं पेटंट घेतलं होतं. आमच्या घरी ती शिवणाच्या डब्यातनं आली इतकाच फरक.

ड्रमवालं म्हणजे पेन्सिलीतलं रीळ. ड्रम स्वतः फिरतो, दोरी सरळ जाते, नरसाळ्याची गरज नाही, म्हणून त्या रॉडच्या रिंगा लहान. पण हे रील बसतं वर, रिंगाही वर. मासा ओढतो तेव्हा रॉड खाली वाकतो, कांडीची पाठ कमानीसारखी होते आणि दोरी मात्र दोन रिंगांमधे सरळ ताणली जाते, ती कमानीला टेकणार नाही तर काय करणार. म्हणून डोक्यावरच्या रीलच्या रॉडला रिंगा जास्त आणि जवळ जवळ लागतात. माझ्या सातफुटीच्या रिंगा खाली लटकायच्या हिशोबाने लांब लांब लावलेल्या, तो मी उलटा करून वर ड्रम बसवला होता. रेघ पडणारच. शिवाय मासा लागला की रॉड हातात वळायला बघायचा, रिंगा खाली जायला बघतात ना, मला वाटायचं मासाच मोठा आहे.

काकांना सांगितलं तर म्हणाले, "मग मी काय म्हणत होतो? तुला सांगितलंवतं ना, त्या काठीवर ते नको." अजिबात सांगितलं नव्हतं.

३ ऑगस्ट

बोटीच्या रॉडचा नट. गरम पाण्याचा फडका गुंडाळला, गंजाचा स्प्रे मारला, अर्धा तास चहा, परत स्प्रे. शेवटी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून दोघांनी दोन बाजूंनी पिळला तेव्हा कुर्रर्र करून सुटला. आत मिठाची पांढरी भुकटी. दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ केला, ग्रीस लावलं, ड्रमवालं चढवलं. पाय दोन्ही खाचांत फिट, पहिल्या रिंगेत दोरी सरळ. ही जोडी लागली. आता बोट मिळायला हवी. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठली पण समुद्र अजून खवळलेला आहे, नारळी पौर्णिमेच्या आधी ओळखीतलं कोणी हौशी माणसाला बोटीत घेणार नाही आणि घेऊही नये.

१० ऑगस्ट, रविवार

रीलं उघडली. बेनामात काकांनी वर्षानुवर्षं खोबरेल घातलंय. खोबरेल, मीठ आणि कुवेतची वाळू यांचा मिळून तपकिरी लगदा झालाय, बुळबुळीत नव्हे, चक्क चिकट, काडीने खरवडून काढावा लागला. "घरात होतं ते घातलं," काका. रॉकेलने दाते धुतले, दात्यांना ग्रीस, बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. ड्रॅगच्या (मासा जोरात ओढला की दोरी आवळत आवळत सोडणारा ब्रेक) चकत्या मात्र बाजूला वाटीत ठेवल्या होत्या, त्यांना रॉकेल लागू दिलं नाही.

सगळं जोडलं तर एक वॉशर उरला. परत उघडलं. बेलच्या (दोरी स्पूलवर घेणारी तारेची कमान) स्प्रिंगखालचा होता.

बेनामचा नंबर कळत नव्हता म्हणून मोजमाप केलं. हँडल दहा वेळा फिरवलं, रोटरला (स्पूलभोवती फिरतो तो भाग) लावलेली चिकटपट्टी मुलीने मोजली, ४९ फेरे. म्हणजे एकास ४.९. भरलेल्या स्पूलचा व्यास ५४ मिलिमीटर. ५४ गुणिले ३.१४ म्हणजे एका फेऱ्याला १७० मिलिमीटर दोरी, गुणिले ४.९, साधारण ८३ सेंटिमीटर दर हँडलमागे. ४००० चं तसंच मोजलं: व्यास ४८, एकास ५.२, ७८ सेंटिमीटर. आकाराने बघितलं तर बेनाम ५००० च्या आसपासचं असणार. नंबर हा प्रकारच मुळात फसवा आहे, एका कंपनीचं ४००० दुसऱ्याच्या ३००० च्या शेजारी ठेवलं तर फरक दिसत नाही, म्हणून मी आता वजन आणि स्पूलचा व्यास बघतो.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून आलो आणि दोरीचा हिशोब केला. बाराफुटीवर ४००० लावत होतो त्यात चूक किती होती ते आज आकड्यात दिसलं. रीलवर लिहिलंय ०.३० मिलिमीटरची तंगूस (नायलॉनची दोरी) २०० मीटर. मी भरत होतो ०.४०. दोरी जाड झाली की लांबी जाडीच्या वर्गाच्या हिशोबाने कमी होते: २०० गुणिले ०.०९ भागिले ०.१६, म्हणजे ११२ मीटर. बाराफुटीने शिसं ऐंशी मीटर गेलं तर स्पूलवर उरते तीसेक मीटर. मोठा मासा लागता तर तळ दिसला असता. लागला नाही हे नशीब म्हणायचं की दुर्दैव. आणि स्पूल रिकामं होत गेलं की दोरी खोलातनं कडेवर घासत वर येते, त्यामुळे फेक अजून तोकडी पडते. वर १२० ग्रॅम शिशाच्या झटक्याने त्या छोट्या रीलचा पाय सीटमधे (रॉडवरची रील बसवायची जागा) करकरायचा.

८००० बाराफुटीवर गेलं. त्याच्यावर ०.४० ची ३०० मीटर बसते. पहिली रिंग ४० मिलिमीटरची, स्पूलच्या मोठ्या वेटोळ्यांना तोंड मोठं हवंच होतं. पुढे झटका खायला जाड तंगूस जोडायची, तिचा ठोकताळा असा की शिशाच्या दर औंसामागे दहा पौंड. १२० ग्रॅम म्हणजे सव्वाचार औंस, म्हणून ४५ पौंडाच्या आसपासची, लांबी रॉडच्या दुप्पट आणि वर स्पूलवर चारपाच वेढे. हे जाड शेपूट नसेल तर फेकताना दोरी तुटते आणि शिसं गोळीसारखं जातं, पुलावर माणसं उभी असतात.

२४ ऑगस्ट

गणपती तीन दिवसांवर. आज काही नाही. मखराचा थर्माकोल यंदा नको म्हणून पुठ्ठा कापत बसलो.

७ सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशी झाली, घर मोकळं झालं, आज रिंगा तपासल्या. कापूसकाडी प्रत्येक रिंगेच्या आतून गोल फिरवायची, कुठे कापसाचा तंतू अडकला तर तिथे चीर. डोळ्याला दिसत नाही ही चीर. नऊफुटीच्या तिसऱ्या रिंगेत कापूस अडकला. म्हणजे गेल्या मोसमात दोरी दोनदा मधेच तुटली होती आणि आम्ही दुकानदाराला शिव्या घातल्या होत्या, ती ही रिंग.

रिंग बदलायचं काम वाटलं त्यापेक्षा मजेचं निघालं. जुना दोरा ब्लेडने रिंगेच्या पायावरच कापायचा, कांडीवर ब्लेड लागता कामा नये, कार्बनला चरा पडला की तिथेच मोडतो. नवीन दोरा गुंडाळताना ताण सारखा हवा, त्यासाठी दोऱ्याचं रीळ कपात ठेवलं, दोरा जुन्या टेलिफोन डिरेक्टरीच्या पानांतनं ओढून घेतला, वर तांदळाचा डबा. डिरेक्टरीचा एवढा उपयोग गेल्या पंधरा वर्षांत झाला नव्हता. गुंडाळून झाल्यावर इपॉक्सी. इपॉक्सी सुकेपर्यंत खाली ओघळतो, म्हणून रॉड दोन खुर्च्यांवर आडवा ठेवून सारखा फिरवत राहायचा. मुलगी दर पाच मिनिटांनी अर्धा फेरा, दहा रुपये तासाने.

८ सप्टेंबर

इपॉक्सी ढगाळ झालाय. काल हवेत पाणीच पाणी होतं, त्याला दमट हवा चालत नाही. घट्ट बसलाय मात्र. दिसायला मोतीबिंदू झाल्यासारखा दिसतो, काकांनी तसंच ठेव म्हणून सांगितलं. सातफुटीला नवीन टोकाची रिंग बसवली, तिथे गरम करून लावायचा गोंदच वापरला, परत मोडलं तर गरम पाण्यात धरून काढता येतं. टोक पाच सेंटिमीटर कमी झाल्याने रॉड जरा कडक झालाय, १० ग्रॅमचं आमिष आता तो फेकत नाही, १५ च्या पुढे बरा. २५०० त्याच्यावर. सीटच्या जरा पुढे बोटावर तोलला तर आडवा राहतो, टोक खाली पडत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

आता खरी अडचण, नऊफुटी. याला ४००० की बेनाम? माझं मत ४०००, काकांचं बेनाम, आणि दोघांनाही आपण बरोबर आहोत याची खात्री. सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो, ओहोटी होती, ओली वाळू कडक, पावलं मोजायला बरी. दोन्हीवर तीच २० पौंडाची ब्रेड (खायचा नव्हे, विणलेली दोरी), तेच ४० ग्रॅम शिसं, फेकणारा मीच, दहा दहा फेकी.

४००० ची सरासरी ६१ पावलं. बेनामची ६६. काकांनी मिशीला हात लावला.

पण बेनाम फेकताना फट् फट् असा बारीक आवाज येत होता, ४००० ला येत नव्हता. कान रीलजवळ नेऊन फेकता येत नाही म्हणून काकांना फेकायला लावलं आणि मी बाजूला वाकून बघत होतो, लोक आम्हाला बघत होते. दोरी पहिल्या रिंगेच्या मागे कांडीवर आपटत होती. बेनामची वेटोळी मोठी, या रॉडची पहिली रिंग ३० मिलिमीटरची, पहिलं नरसाळं जरा अरुंद पडतंय. तरीसुद्धा पाच पावलं जास्त गेलं, कारण मोठ्या स्पूलच्या कडेवर दोरी कमी घासते. म्हणजे आवाज येतो म्हणजे जोडी वाईटच असं नाही, हे लिहून ठेवतो, कारण मी तसं ठरवून टाकलं होतं.

मग तोल बघितला. ४००० ने नऊफुटी सीटच्या एक वीत पुढे तोलतो. बेनामने चार बोटांवर, म्हणजे तोल बेनामचाच बरा आला. तरी एकूण वजन जास्त ते जास्तच, लुअर (नकली आमिष) घेऊन तासभर फेकला तर खांदा बोलायला लागला.

निकाल लागला नाही. वडापाव खाऊन घरी.

२१ सप्टेंबर

ड्रॅग लावायला बसलो, आणि बेनामने पूर्ण सकाळ खाल्ली. पद्धत साधी आहे: दोरी रिंगांमधून घ्यायची, टोक बॅग तोलायच्या काट्याला बांधायचं, काटा खाटेच्या पायाला, रॉड वाकवून मागे सरायचं आणि दोरी सुटायला लागेल तेव्हाचा आकडा बघायचा. दोरीच्या ताकदीच्या पाव हिश्श्यावर ड्रॅग सुटला पाहिजे, २० पौंड म्हणजे नऊ किलो, त्याचा पाव सव्वादोन किलो. रॉड वाकवूनच मोजायचं, कारण रिंगांवर घासून ताण वाढतो, नुसती रीलपासून दोरी ओढली तर आकडा खोटा येतो.

४००० दोन मिनिटांत लागलं. बेनामचा नट कितीही आवळला तरी काटा दीडच्या वर जाईना. वाटलं चकत्या संपल्या. उघडलं, चकत्या ठीक. तेल लागलं असेल म्हणून पुसल्या. परत दीड. नट इतका आवळला की हाताला वळ आले, तरी दीड. काका शांतपणे वर्तमानपत्र वाचत होते, ते मला जास्त लागलं.

मग डोकं चाललं. मुलीची नेलपॉलिश घेतली, लाल, स्पूलच्या कडेवर एक ठिपका आणि त्याच्या समोर दोरीवर एक ठिपका. ओढलं. स्पूलचा ठिपका जागेवर, दोरीचा ठिपका पुढे सरकला. ड्रॅग घट्टच होता, दोरीचा अख्खा गठ्ठा स्पूलवर फिरत होता! ब्रेड गुळगुळीत असते, ती थेट धातूच्या स्पूलवर बांधली तर गाठीसकट गोल घसरते. खाली आधी थोडी तंगूस गुंडाळायची असते, ती स्पूलला आवळून धरते आणि मग तिला ब्रेड जोडायची. ४००० वर दुकानदाराने ते करून दिलं होतं, बेनामवर मी स्वतः भरली होती, युट्युब न बघता.

सगळी ब्रेड काढली, पडवी ते फणस अशा फेऱ्या मारून. दहाएक मीटर तंगूस खाली घातली, तिला ब्रेड डबल युनी गाठीने जोडली, ओल्या फडक्यातनं ताणून भरली, कडेपासून दोन मिलिमीटर खाली थांबवली. अगदी काठोकाठ भरली तर वेटोळी आपोआप निसटतात आणि वाऱ्यात गाठी होतात. आता सव्वादोनला ड्रॅग सुटतो, आवाज बारीक आणि सलग येतो, धक्के नाहीत.

२८ सप्टेंबर

ड्रमवाल्याचा सराव, अंगणातच, शिशाऐवजी रबराचा बूच. ड्रम फिरत असतो आणि शिसं थांबलं तरी फिरतच राहतो, दोरी बाहेर जात नाही पण ड्रम सोडत राहतो, झालं घरटं. अंगठा ड्रमवर हलका ठेवायचा आणि शिसं पाण्याला टेकायच्या क्षणी दाबायचा. तीन घरटी, एक अर्धा तास घेऊन सुटलं, एक कापलं. बोटीवरून हे रील सरळ खाली सोडायचं असतं, फेकायचंच नसतं फारसं, त्यामुळे फार जिवाला लावून घेतलं नाही. याचं हँडल उजवीकडे आहे ते उजवीकडेच राहणार, स्पिनिंगसारखं काढून डावीकडे लावता येत नाही. काका डावखुरे. म्हणजे हा सेट माझा.

काल शेजारच्या मुलाने बाराफुटी जोडून अंगणात उभा धरला, वरून विजेची तार गेलीये. काका असे ओरडले की वाडीतले कुत्रे उठले. कार्बनमधनं वीज जाते, हे त्या मुलाला ठाऊक नव्हतं आणि मला ठाऊक असून मी बघत उभा होतो. आता रॉड घराबाहेर तुकड्यांतच न्यायचे, पाण्याजवळ जाऊन जोडायचे, गडगडलं की आडवे ठेवायचे.

११ ऑक्टोबर, शनिवार

पंचमी. तिथीची पाऊणपट, पाचाची पावणेचार, म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती, म्हणून दोनला भाट्याला पोचलो, पाणी चढतीला. पिशवीत नऊफुटी एक आणि रीलं दोन, भांडण घरी मिटलं नव्हतं म्हणून दोन्ही घेतली, शिवाय सातफुटी.

पहिला तास नऊफुटी माझ्याकडे, ४००० लावून, २८ ग्रॅमचा जिग (धातूचा नकली मासा). फेक, ओढ, फेक, ओढ, शंभरएक तरी झाल्या असतील. काही नाही. पण खांदा शाबूत. मग काकांनी रॉड मागितला, सीटचा नट सोडला, रील काढलं, बेनाम चढवलं, दोरी रिंगांतनं ओवली, सगळं मिळून दोनच मिनिटं. कोळंबी लावली, फेकला, रॉड वाळूत रोवलेल्या पाइपात उभा केला आणि टोपी डोळ्यावर घेऊन बसले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही महिनाभर एकाच रॉडबद्दल भांडत होतो पण गरवण्याच्या दोन वेगळ्या तऱ्हांबद्दल बोलत होतो. मला रॉड हातात धरून फेकत राहायचं, तिथे पंच्याऐंशी ग्रॅम कमी हे सोनं. त्यांचा रॉड पाइपात उभा, त्याचं वजन पाइप उचलतो, त्यांना पाच पावलं लांब आणि जास्त दोरी हवी. याच्यासाठी मी काटा, फूटपट्टी, नेलपॉलिश सगळं वापरलं आणि हा प्रश्न विचारलाच नाही.

मी सातफुटी घेऊन पुलाच्या खांबाकडे गेलो, १८ ग्रॅमचा रबरी मासा. चौथ्या-पाचव्या फेकीला तांबोशी, अर्ध्या किलोची असेल, खांबाकडे पळायला बघत होती पण ड्रॅग सुटत राहिला आणि रॉड वाकत राहिला, रिंगा खाली, दोरी कांडीपासून लांब. घरी येऊन मुद्दाम दिव्याखाली बघितलं, नवीन रेघ नाही.

भरती टेकली तेव्हा काकांचा पाइप हलला. बेनाम कर्रर्र करून सुटलं, काका टोपी सावरेपर्यंत पंधरावीस मीटर दोरी गेली. दहा मिनिटं लागली. शिंगाळा निघाला, चांगला दोन किलोचा, काका म्हणाले, "पकड दे, हात लावू नको, त्याचा काटा बसला तर रात्रभर बोंबलशील." पकडीने गळ काढला.

रीलं घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुतली, नळाचा फवारा मारला नाही, पुसली, ड्रॅग परत ढिला केला. खोबरेलाची बाटली मी कपाटावर ठेवलीये, काकांचा हात पोचत नाही तिथे. बोटीच्या रॉडचा नट परत जड चालतोय, तो उद्या.